गिऱ्हाइकाचें नांव आणि सरकारची यादी



गेल्या वर्षीं दिवाळीच्या आधीं पंधरा दिवस माझा एक जुना विद्यार्थी भल्या सकाळीं घरीं आला. सांगलीकडे त्याचा हळद दळून परदेशीं पाठविण्याचा धंदा आहे. चेहरा अगदीं उतरलेला. दुबईच्या एका व्यापाऱ्याला त्यानें माल पाठविला होता, माल पोंचला होता, गिऱ्हाइकानें पैसेहि धाडले होते. परंतु ते पैसे वाटेंतच एका बँकेनें थोपवून धरले होते. कारण विचारतां “नांव जुळतें आहे” एवढेंच उत्तर मिळालें. कोणाचें नांव, कशाशीं जुळतें, हें सांगावयास कोणी तयार नव्हतें. इकडे गिरणींतील चाळीस माणसांना दिवाळीचा बोनस द्यावयाचा होता. “गुरुजी, यांत माझें काय चुकलें?” असें तो मला विचारूं लागला.

मी मराठी शाळेंतला निवृत्त मास्तर. शिक्षण मॅट्रिक आणि त्यावर अध्यापनाचीं दोन वर्षें. निर्यात-व्यापाराचा आणि माझा संबंध इतकाच, कीं जेवणांत हळद असते. परंतु प्रश्न नांवांचा होता, आणि नांवांशीं छत्तीस वर्षें रोज अकरा वाजतां माझी गांठ पडत असे, हजेरीपटावर. म्हणून मीं त्याला बसविलें, चहा दिला, आणि त्या दिवसापासून हा विषय समजून घेण्याचा नाद लागला. त्यांतून जें हातीं आलें तें आज आपणांपुढें मांडतों.

शत्रूशीं व्यापार करूं नये, ही राजनीति फार जुनी आहे. पण शत्रु कोण, हें पूर्वीं मुलखावरून ठरे. शत्रूच्या राज्यांत राहणारा तो शत्रु. त्याच्या हद्दीबाहेरचा तो मोकळा. पहिल्या महायुद्धांत इंग्रजांच्या ध्यानांत आलें कीं, तटस्थ देशांत बसलेले पेढीवाले जर्मनीला माल आणि पैसा पोंचवीत आहेत. तेव्हां १९१५ सालीं त्यांनीं कायदा वाढविला, आणि १९१६ च्या फेब्रुवारीपासून सरकारनें चक्क नांवांची यादीच छापावयास प्रारंभ केला. या यादींतील इसमाशीं ब्रिटिश प्रजाजनानें व्यवहार केला तर तो गुन्हा. मग तो इसम शत्रूच्या मुलखांत राहत असो वा नसो. मुलखाच्या जागीं माणूस आला, म्हणजे पर्यायानें नांव आलें. आजच्या साऱ्या पद्धतीचें मूळ मला येथें दिसतें.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत त्या यादींत अमेरिकेंतील ऐंशीहून अधिक पेढ्या व व्यक्ति घातल्या गेल्या. अमेरिका तेव्हां युद्धांत नव्हती. अध्यक्ष विल्सन संतापले, आणि त्यांच्या सरकारनें लंडनला निषेधाचा खलिता पाठविला. पुढें पंचवीस वर्षांनीं काय झालें तें पहा. १९४१ च्या जुलैंत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं स्वतःच तशी यादी जाहीर केली. तींत दक्षिण व मध्य अमेरिकेंतील सुमारें अठराशें नांवें होतीं, आणि अमेरिका तेव्हांहि युद्धांत उतरलेली नव्हती! १९१६ सालीं जो अन्याय वाटला तो १९४१ सालीं उपाय ठरला. मी यांत कोणाची थट्टा करीत नाहीं. आपलें नांव दुसऱ्याच्या वहींत असणें आणि वही आपल्या हातांत असणें, यांत अंतर आहे, एवढेंच.

आज अशा याद्या एक नाहींत, पुष्कळ आहेत, आणि येथेंच बहुतेकांचा घोटाळा होतो. राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीनें १५ ऑक्टोबर १९९९ रोजीं १२६७ क्रमांकाचा ठराव केला. तो तालिबानविरुद्ध होता. त्यावरून पुढें अल्-कायदा वगैरे संघटनांच्या माणसांची यादी वाढत गेली. उत्तर कोरियासंबंधीं १७१८ क्रमांकाचा ठराव १४ ऑक्टोबर २००६ चा. या याद्या सर्व सभासद राष्ट्रांवर बंधनकारक आहेत. आपल्याकडे त्यांची अंमलबजावणी बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्याच्या ५१अ या कलमानें होते; मूळ कायदा १९६७ चा, पण हें कलम २००८ सालीं घातलें गेलें. सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीं २००५ चा वेगळा कायदा आहे, त्यांत २०२२ सालीं भर पडली. यादींतील माणसाचें खातें आपल्याकडे नाहीं ना, हें बँकांनीं पाहावें असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

आतां सांगलीच्या हळदवाल्याला प्रश्न पडतो: अमेरिकेनें आपल्या घरीं काय यादी केली, त्याच्याशीं आपला काय संबंध? कायद्यानें पाहिलें तर ती यादी त्याच्या गिरणीवर थेट लागू नाहीं. परंतु दुबईचा व्यापारी आणि सांगलीचा व्यापारी यांनीं सौदा डॉलरांत केला कीं, तो पैसा बहुधा न्यूयॉर्कमधील एखाद्या बँकेच्या वहींतून जातो. कारण दोन्हींकडील बँकांचीं डॉलरचीं खातीं तेथें असतात. त्या बँकेवर मात्र अमेरिकेचा कायदा पुरा लागू आहे. हळद समुद्रानें सरळ दुबईस जाते, पैसा मात्र न्यूयॉर्कला वळसा घालून येतो, आणि त्या वळणावर जकातनाका आहे. तेथें जकात घेत नाहींत, नांव विचारतात.

अमेरिकेंतहि एक यादी नाहीं. अर्थखात्याच्या परदेशी मालमत्ता नियंत्रण कचेरीची जी यादी आहे, तींतील माणसाची मालमत्ता गोठविली जाते आणि त्याच्याशीं सर्व व्यवहार बंद होतात. व्यापारखात्याची यादी निराळी. तींतील संस्थेला अमेरिकन बनावटीचा ठराविक माल विकावयाचा तर परवाना काढावा लागतो; खातें गोठत नाहीं, इतर व्यवहार थांबत नाहींत. दोन्ही याद्यांना लोक सरसकट “काळी यादी” म्हणतात, आणि परवाना पुरेल तेथें सौदाच मोडून बसतात.

या दुसऱ्या प्रकारच्या यादीचा अनुभव आपणांस घरचाच आहे. १९९८ च्या मे महिन्याच्या ११ व १३ तारखांना पोखरण येथें अणुचांचण्या झाल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या व्यापारखात्यानें अनेक भारतीय संस्था आपल्या यादींत घातल्या. मुंबईच्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र तींत होतें. अवकाश आणि संरक्षण संशोधनाच्या संस्था होत्या. अवकाश व संरक्षण खात्यांच्या संस्थांचीं नांवें जानेवारी २०११ मध्यें निघालीं. भाभा केंद्राचें नांव निघावयास जानेवारी २०२५ उजाडावा लागला. त्याच्याबरोबर कल्पाक्कमचें इंदिरा गांधी केंद्र आणि इंडियन रेअर अर्थ्स् यांचींहि नांवें निघालीं. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांना कोणी दरोडेखोर म्हणेल काय? यादींत नांव असणें म्हणजे गुन्हा शाबीत होणें नव्हे. ती त्या त्या सरकारची त्या त्या वेळची नीति असते, आणि नीति बदलली कीं यादीहि बदलते. म्हणूनच वर्षापूर्वीं पाहिलेली यादी आज कामाची नाहीं.

हें झालें याद्यांचें. आतां ज्या कामांत सारी मेख आहे तें पाहूं: आपल्या गिऱ्हाइकाचें नांव यादीशीं ताडून पाहणें. ऐकावयास सोपें वाटतें. नांव घ्या, यादी उघडा, आहे किंवा नाहीं तें पहा.

ज्यानें मुलांचीं नांवें इंग्रजींत लिहून परीक्षेचे अर्ज भरले आहेत, तो असें म्हणणार नाहीं. एकाच घरचे दोघे भाऊ. एकाच्या आडनांवांत दोन ‘ए’, दुसऱ्याच्यांत एक, आणि पुढें दाखल्यांवर तेंच कायम. अरबी, रशियन, चिनी, मराठी अशा कोणत्याहि भाषेंतील नांव रोमन लिपींत उतरवितांना हीच गत होते. लीबियाचे गद्दाफी घ्या. त्यांच्या आडनांवाचें पहिलें अक्षर कोणी ‘जी’ लिही, कोणी ‘क्यू’, कोणी ‘के’. माणूस एक, शब्दकोशांत जागा तीन.

यावर उपाय म्हणून रॉबर्ट रसेल नांवाच्या पिट्सबर्गच्या गृहस्थानें १९१८ सालीं एक युक्ति काढून तिचें पेटंट घेतलें. नांव अक्षरांवरून न लावतां उच्चारावरून लावावें, अशी ती कल्पना. तिचें सुधारलेलें रूप ‘साऊंडेक्स’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांत नांवाचें पहिलें अक्षर तसेंच ठेवावयाचें, पुढचे स्वर गाळावयाचे, आणि व्यंजनांना गटाप्रमाणें आंकडे द्यावयाचे. बी, एफ्, पी, व्ही या ओंठांच्या अक्षरांना १. डी व टी यांना ३. एम् व एन् या अनुनासिकांना ५. वाचतांना मला गंमत वाटली, कारण आपल्या बालवाचनांत मुळाक्षरें अशींच उच्चारस्थानांवरून मांडलेलीं असतात. मात्र सी, के, जी, एस्, झेड् या सर्वांना एकाच २ च्या कोठडींत कोंबलेलें पाहून आपल्या वैयाकरणांनीं कपाळाला हात लावला असता!

या युक्तींतील उणीव गद्दाफींच्या नांवानेंच उघडी पडते. पहिलें अक्षर तसेंच ठेवावयाचें, हा नियम. आणि येथें तर पहिलें अक्षरच बदलतें. पुढचे आंकडे तेच, पण डोकें निराळें. म्हणून तिन्ही नांवें तीन ठिकाणीं पडतात. त्यापेक्षां १९६५ सालीं लेवेनश्टाइन या रशियन गणितज्ञानें सांगितलेलें माप बरें. एका शब्दाचा दुसरा शब्द करावयास किती अक्षरें घालावीं, काढावीं किंवा बदलावीं लागतील, तें मोजावयाचें. आंकडा लहान तितकी दोन नांवें जवळचीं. आजचीं यंत्रें अशा अनेक युक्त्या एकत्र वापरतात, आणि किती जवळचें नांव आलें म्हणजे घंटा वाजवावी, हें मालक ठरवितो. घंटा फार हळवी ठेवली तर दिवसभर वाजते व शेवटीं तिच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. बोथट ठेवली तर ज्याला धरावयाचें तोच निसटतो.

निसटणें कसें होतें त्याचीं दोन प्रसिद्ध उदाहरणें सांगतों. दोन्ही अमेरिकेच्या अर्थखात्यानें स्वतः प्रसिद्ध केलेलीं आहेत. स्लोव्हेनिया देशांतील एक संगणक-कंपनी फेब्रुवारी २०१५ मध्यें अर्थखात्याच्या यादींत आली. तिच्या नांवाच्या शेवटीं तिकडच्या मर्यादित कंपन्यांना लावतात तीं ‘डी. ओ. ओ.’ हीं अक्षरें होतीं. यादींत तीं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्यें टिंबें देऊन छापलेलीं. ॲपल कंपनीच्या दप्तरांत तींच मोठ्या अक्षरांत. ॲपलच्या यंत्राला हीं दोन नांवें एक वाटलींच नाहींत! शिवाय त्या कंपनीचा मालकहि यादींत होता. पण ॲपलच्या दप्तरांत त्याचें नांव ‘खात्याचा व्यवस्थापक’ या रकान्यांत होतें, आणि यंत्र तो रकाना तपाशीतच नव्हतें. व्यवहार चालूच राहिले. २०१९ च्या नोव्हेंबरांत ॲपलनें ४,६६,९१२ डॉलर भरून तें प्रकरण मिटविलें. आपल्या लिपींत लहान-मोठीं अक्षरें नाहींत, म्हणून आपण सुटलों असें मात्र समजूं नये. आपल्याला ऱ्हस्व-दीर्घ आहेत.

दुसरें उदाहरण ॲमेझॉनचें. क्रिमियावर २०१४ च्या डिसेंबरापासून अमेरिकेचे निर्बंध आहेत. तेथें नांव कोणाचेंहि असो, पत्ताच निषिद्ध. एका गिऱ्हाइकानें पत्त्यांत ‘याल्टा, क्रिमिया’ असें लिहिलें, पण क्रिमियाचें पहिलें अक्षर ‘सी’ न लिहितां ‘के’ लिहिलें. यंत्र गप्प राहिलें. याल्टा हें क्रिमियांतील शहर, हेंहि त्याला ठाऊक नव्हतें. चौथींतल्या मुलानें नकाशावर बोट ठेवून दाखविलें असतें. जुलै २०२० मध्यें या व अशा इतर चुकांपायीं ॲमेझॉनला १,३४,५२३ डॉलर भरावे लागले. या दोन्ही कंपन्यांच्या मानानें रकमा किरकोळ आहेत. माझ्या विद्यार्थ्याची गिरणी मात्र तेवढ्यांत लिलावांत निघेल.

आतां उलट बाजू, आणि मला स्वतःला हीच अधिक बोंचते. २०११ च्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियांतील एक गृहस्थ बायकोला घेऊन मोटार विकत घ्यावयास गेले. विक्रेत्यानें त्यांची पत तपासली, तो वर शेरा: यांचें नांव अर्थखात्याच्या यादीशीं जुळतें. विक्रेत्यानें त्यांना मोटार देण्याचें नाकारलें. शेवटीं ती बायकोच्या नांवावर घ्यावी लागली. शेरा देणाऱ्या ट्रान्सयुनियन या संस्थेनें काय ताडून पाहिलें होतें? केवळ पहिलें नांव आणि आडनांव. जन्मतारीख नाहीं, दुसरें कांहीं नाहीं. खटल्यांत निघालें कीं, सहा-सात महिन्यांत ८,१८५ माणसांच्या दप्तरांवर असा शेरा पडला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि जून २०२१ मध्यें त्यानें ठरविलें कीं, ज्यांचा शेरा प्रत्यक्ष तिऱ्हाइताच्या हातीं गेला त्या १,८५३ जणांनाच या बदनामीबद्दल दाद मागतां येईल. पांच विरुद्ध चार मतांचा तो निकाल होता.

हें वाचतांना मला माझा एक सातवीचा वर्ग आठवला. त्यांत एकाच नांवाचे आणि एकाच आडनांवाचे तीन मुलगे होते. एके दिवशीं प्रयोगशाळेची कांच फुटली, शिपायानें येऊन नांव सांगितलें, आणि मीं पहिल्या बाकावरच्याला उभें करून दोन छड्या दिल्या. तिघांच्या वडिलांचीं नांवें निरनिराळीं होतीं, हजेरीपट माझ्या समोर उघडा होता, आणि मधल्या नांवाकडे मीं पाहिलें नाहीं. संध्याकाळीं खरा प्रकार कळला. तो मुलगा आज पन्नाशीच्या पुढें आहे. भेटला कीं वांकून नमस्कार करतो. तो विषय त्यानें कधीं काढला नाहीं, आणि मलाहि धीर झाला नाहीं.

या बाबतींत एक बारकावा लक्षांत घेण्यासारखा आहे. ज्याचें नांव खरोखर यादींत आहे, त्याला दाद मागावयाचा कांहीं तरी मार्ग असतो. राष्ट्रसंघानें २००९ च्या डिसेंबरांत अल्-कायदाच्या यादीपुरता एक लोकपाल नेमण्याचें ठरविलें. यादींतून नांव काढण्याचा अर्ज त्याच्याकडे करतां येतो. परंतु ज्याचें नांव नुसतें जुळतें, त्यानें कोठें जावें? त्याचें नांव यादींतून काढतां येत नाहीं, कारण तो यादींत नसतोच. त्याची सुटका एकाच माणसाच्या हातांत असते: जो पडताळणी करीत आहे त्याच्या.

आणि कित्येकदां यादींत नांव नसूनहि व्यवहार निषिद्ध ठरतो. अमेरिकेच्या अर्थखात्याचा नियम असा कीं, ज्या कंपनीची निम्मी किंवा अधिक मालकी यादींतील माणसांकडे आहे, ती कंपनी यादींत न छापतांच यादींत धरावी. २०१४ च्या ऑगस्टांत त्यांनीं हेंहि स्पष्ट केलें कीं, निरनिराळ्या माणसांचे वांटे एकत्र मोजावेत. एकाचे तीस टक्के, दुसऱ्याचे पंचवीस. बेरीज पंचावन्न, कंपनी बाद. इंग्लंडमध्यें निम्म्याहून अधिक मालकी लागते, पण तेथें प्रत्यक्ष ताबा कोणाचा तेंहि पाहतात. अर्थात् पाटीवरचें नांव पाहून भागत नाहीं. पाटीमागें कोण बसला आहे, तें विचारावें लागतें.

माझ्या विद्यार्थ्याला मीं एवढेंच सांगितलें कीं, “अरे, बँकेशीं भांडूं नकोस. त्यांना दुसरें नांव दे.” दुसरें नांव म्हणजे बापाचें. त्यानें दुबईहून गिऱ्हाइकाच्या पारपत्राची प्रत, व्यापाराचा परवाना आणि भागीदारांचीं नांवें मागविलीं व बँकेंत दिलीं. यादींतील इसम आणि हा व्यापारी यांच्या वयांत एकोणीस वर्षांचें अंतर निघालें; बापाचें नांव निराळें, जन्मगांव निराळें. राष्ट्रसंघाच्या यादींत प्रत्येक माणसाच्या नांवाचे चार भाग, जन्मतारीख, पारपत्राचा क्रमांक, एवढेंच नव्हे तर त्याचीं टोपणनांवें भरंवशाचीं कोणतीं आणि बिनभरंवशाचीं कोणतीं, हेंहि वेगळें दिलेलें असतें. साधन तयार असतें. तें उघडून पाहावयाचें, एवढेंच काम उरतें. तरीहि पैसे मोकळे व्हावयास तेवीस दिवस लागले. भाऊबीज होऊन गेली होती. बोनस त्यानें पत्नीचे दागिने ठेवून वेळेवर दिला होता.

आतां तो सौद्याआधींच एक कागद पाठवितो: पूर्ण नांव, बापाचें व आजोबाचें नांव, कंपनी केव्हां निघाली, भागीदार कोण, माल शेवटीं कोठें जाणार. तीं नांवें याद्यांशीं ताडून पाहतो. घंटा वाजलीच तर काय जुळलें, काय जुळलें नाहीं आणि निर्णय कशावरून केला, तें तारीख घालून वहींत लिहितो, आणि माल निघण्याच्या आदल्या दिवशीं पुन्हां एकदां पाहतो. खरेंच यादींतला माणूस निघाला तर माल थांबवावयाचा, बँकेला तत्काळ कळवावयाचें, आणि गिऱ्हाइकाशीं त्याबद्दल अक्षर बोलावयाचें नाहीं, असें त्यानें आपल्या कारकुनाला बजावून ठेवलें आहे. अद्याप तशी वेळ आलेली नाहीं.

दुबईच्या त्या जुन्या व्यापाऱ्यालाहि त्यानें हा कागद पाठविला. पाठवितांना त्याला संकोच वाटत होता. इतक्या वर्षांचा संबंध, रागावेल कीं काय. चौथ्या दिवशीं उत्तर आलें. सर्व रकाने भरलेले होते, आणि सोबत एक छापील पान होतें. त्यावर त्याचें नांव, वडिलांचें, आजोबांचें, जन्मतारीख, जन्मगांव, आणि खालीं तीन भाषांत एकच ओळ: यादींतील त्या नांवाचा गृहस्थ मी नव्हे. तें पान तो गेलीं कित्येक वर्षें खिशांत बाळगीत आला आहे, असें त्यानें पत्रांत लिहिलें होतें.